रेषीय नियंत्रण प्रणाली

रेषीय नियंत्रण प्रणाली हा अभियांत्रिकीतील नियंत्रण सिद्धान्ताचा पायाभूत विषय होय. एखादे यंत्र, उपकरण किंवा प्रक्रिया इष्ट स्थितीत कशी आणावी आणि बाहेरून अडथळे येत असतानाही त्या स्थितीत कशी टिकवावी, याच्या अभ्यासाला नियंत्रण सिद्धान्त म्हणतात. ज्या प्रणालींचे वर्तन रेषीय समीकरणांनी मांडता येते त्यांचा विचार या सिद्धान्तात प्रथम केला जातो. वास्तवात कोणतीही प्रणाली सर्व मर्यादांपर्यंत रेषीय नसते. परंतु संतुलनाच्या एखाद्या बिंदूजवळ, लहान बदलांपुरती, बहुतेक प्रणाली रेषीय मानता येते. प्रणालीला त्या बिंदूजवळ धरून ठेवण्याचे काम नियंत्रणच करते. अशा रीतीने रेषीयता आणि नियंत्रण या दोन कल्पना परस्परांवर अवलंबून आहेत.

घराच्या छतावरील पाण्याच्या टाकीपासून अवकाशयानापर्यंत या सिद्धान्ताचा उपयोग होतो. महाराष्ट्रातील हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ नियोजित असलेली लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा त्याचे अत्यंत सूक्ष्म स्वरूपाचे उदाहरण आहे.

मूलभूत संकल्पना

ज्यावर काही बाह्य क्रिया होते आणि ज्यातून काही परिणाम बाहेर येतो, अशा परस्परसंबद्ध घटकांच्या समूहाला प्रणाली म्हणतात. बाहेरून दिलेल्या क्रियेला आदान आणि मिळणाऱ्या परिणामाला प्रदान असे म्हणतात. जे आदान आपण स्वतः देत नाही, पण ज्याचा परिणाम प्रदानावर होतो, त्यास विक्षोभ म्हणतात. विजेच्या मोटारीला दिलेला दाब हे आदान, मोटारीचा वेग हे प्रदान आणि तिच्यावर अचानक वाढलेला भार हा विक्षोभ होय.

छतावरील टाकीत बसवलेला बॉल कॉक हे नियंत्रणाचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण आहे. पाणी खाली गेले की तरंगता गोळा खाली येतो व तोटी उघडते; पाणी वर आले की तोटी मिटत जाते. समजा, टाकीच्या तळाचे क्षेत्रफळ १ चौरस मीटर आहे आणि पातळी १ सेंटिमीटर कमी झाली की तोटीतून मिनिटाला १ लिटर पाणी येते. ५ सेंटिमीटर कमी झाली तर मिनिटाला ५ लिटर पाणी येईल. पुढील विवेचनात हेच उदाहरण वापरले आहे.

रेषीयता

प्रणाली रेषीय आहे असे म्हणण्यासाठी दोन अटी पूर्ण व्हाव्या लागतात. पहिली अट अशी की, आदान जितक्या पट वाढवावे तितक्याच पट प्रदान वाढले पाहिजे. दुसरी अट अशी की, दोन आदाने एकाच वेळी दिली असता मिळणारे प्रदान हे ती वेगवेगळी दिली असता मिळणाऱ्या प्रदानांच्या बेरजेइतके असले पाहिजे. या गुणधर्माला अध्यारोपणाचे तत्त्व म्हणतात.

वरील टाकीतून एका नळाने मिनिटाला सतत ५ लिटर पाणी घेतले, तर पातळी ५ सेंटिमीटर खाली येऊन स्थिरावते. दुसऱ्या नळाने ३ लिटर घेतले, तर ती ३ सेंटिमीटर खाली स्थिरावते. दोन्ही नळ एकदम चालू केल्यास ती ८ सेंटिमीटर खाली येते. येथे अध्यारोपणाचे तत्त्व लागू पडते. परंतु तोटी पूर्ण उघडल्यावर मिनिटाला २० लिटरच पाणी देऊ शकत असेल, तर २५ लिटरच्या मागणीला टाकी २५ सेंटिमीटरवर न थांबता रिकामी होत जाईल. तोटीची मर्यादा संपली तेथे रेषीयताही संपली.

लंबकाचेही असेच आहे. लंबकाला मध्याकडे ओढणारे बल कोनाच्या ज्या-गुणोत्तरावर अवलंबून असते, प्रत्यक्ष कोनावर नव्हे. कोन १० अंशांचा असेल तर या दोहोंतील फरक सुमारे अर्धा टक्का असतो. ६० अंशांचा असेल तर तो २० टक्क्यांच्या वर जातो. म्हणून लहान झोक्यांपुरता लंबक रेषीय असतो, मोठ्या झोक्यांना तो रेषीय राहत नाही. संतुलनबिंदूजवळ वक्राच्या जागी त्याची स्पर्शिका घेऊन समीकरण सोपे करण्याच्या या रीतीला रेषीयीकरण म्हणतात.

ज्या प्रणालीचे गुणधर्म काळाबरोबर बदलत नाहीत तिला कालनिरपेक्ष प्रणाली म्हणतात. आज दिलेल्या आदानाला जे उत्तर मिळते तेच उद्याही मिळावे, असा याचा अर्थ. रेषीय आणि कालनिरपेक्ष या दोन्ही गुणांनी युक्त असलेल्या प्रणालींसाठी पूर्ण व सुटसुटीत गणित उपलब्ध आहे.

मुक्त व संवृत नियंत्रण

प्रदान काय मिळाले हे न पाहता ठरावीक आदान देत राहणे याला मुक्त नियंत्रण म्हणतात. मराठवाड्यात शेतातील विहिरीवरील पंपांना ऑटो स्टार्टर बसवलेले असतात. वीज आली की पंप सुरू होतो. पिकाला पाण्याची गरज आहे की नाही हे त्याला कळत नाही. आदल्या रात्री पाऊस पडून गेला असला तरी पंप चालूच होतो.

प्रदान मोजून, इष्ट मूल्याशी त्याची तुलना करून, उरलेल्या फरकानुसार आदान बदलणे याला संवृत नियंत्रण म्हणतात. मोजलेले प्रदान पुन्हा आदानाकडे नेण्याच्या क्रियेस प्रत्याभरण म्हणतात. अभियंत्यांच्या नेहमीच्या भाषेत तो फीडबॅक होय. जमिनीतील ओल मोजणारा संवेदक बसवून त्यानुसार पंप चालू-बंद केला, तर तीच व्यवस्था संवृत होते. येथील सुधारणा चुकीच्या उलट दिशेने केली जात असल्यामुळे या प्रत्याभरणाला ऋण प्रत्याभरण म्हणतात.

ऋण प्रत्याभरणाचा लाभ पुढील सूत्रावरून दिसून येतो :

उरलेली चूक = नियंत्रणाशिवाय झाली असती ती चूक ÷ (१ + वलयाचे वर्धन)

येथे वर्धन म्हणजे संकेत नियंत्रणाच्या वलयातून एक फेरी मारून आला असता किती पट होतो ती संख्या. भार वाढल्यामुळे मोटारीचा वेग मिनिटाला १०० फेऱ्यांनी घटत असेल, तर ९ वर्धन असलेल्या नियंत्रणाने ही घट १० फेऱ्यांवर येते आणि ९९ वर्धनाने १ फेरीवर येते. मोटारीचे गुणधर्म नेमके ठाऊक नसले तरीही ही सुधारणा होते. मात्र वर्धन हवे तितके वाढवता येत नाही. त्याचे कारण पुढे स्थैर्याच्या विवेचनात दिले आहे.

काळानुसार प्रतिसाद

आदान बदलताच प्रदान तत्काळ बदलत नाही. टाकीच्या उदाहरणात १ सेंटिमीटर उंचीत १० लिटर पाणी मावते आणि दर सेंटिमीटर तुटीला मिनिटाला १ लिटर पाणी येते. त्यामुळे नळ बंद केल्यावर १० मिनिटांत तुटीचा सुमारे ६३ टक्के भाग भरून निघतो आणि ५० मिनिटांत ९९ टक्क्यांहून अधिक. या १० मिनिटांना प्रणालीचा कालस्थिरांक म्हणतात. अशा प्रणालीचे वर्तन पहिल्या कोटीच्या अवकल समीकरणाने मांडले जाते.

स्प्रिंगला टांगलेले वजन किंवा लंबक यांचे समीकरण दुसऱ्या कोटीचे असते. त्यांत स्थिती आणि वेग या दोन्हींचा विचार करावा लागतो. झोके शमवणाऱ्या घर्षणासारख्या परिणामाला संदमन म्हणतात. संदमन कमी असेल तर वस्तू इष्ट स्थानापलीकडे जाऊन बराच वेळ झोके घेत राहते. ते फार जास्त असेल तर ती अतिशय संथपणे स्थानावर येते. या दोन टोकांच्या मधला मार्ग निवडणे हे अभियंत्याचे काम असते.

वारंवारतेनुसार प्रतिसाद

रेषीय व कालनिरपेक्ष प्रणालीला एका वारंवारतेचे ज्यावक्रीय आदान दिले असता स्थिरावल्यानंतर मिळणारे प्रदानही त्याच वारंवारतेचे असते. त्याचा आयाम तेवढा बदलतो आणि ते काहीसे मागे किंवा पुढे सरकते. कोणतेही गुंतागुंतीचे आदान अनेक ज्यावक्रांची बेरीज म्हणून मांडता येत असल्यामुळे, प्रत्येक वारंवारतेला प्रणाली कसे उत्तर देते एवढे कळले की अध्यारोपणाच्या तत्त्वाने तिचे संपूर्ण वर्तन कळते. ही माहिती ज्या फलनात साठवलेली असते त्याला ट्रान्सफर फंक्शन म्हणतात.

याचा पडताळा घरीही घेता येतो. सुमारे २५ सेंटिमीटर लांबीच्या दोऱ्याला दगड बांधून दोरा हातात धरावा. अशा लंबकाची नैसर्गिक वारंवारता सुमारे १ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला एक झोका, असते. हात अगदी सावकाश डावी-उजवीकडे हलवला तर दगड हाताबरोबर जातो. सेकंदाला एकदा हलवला तर झोके वाढत जातात. यास अनुस्पंदन म्हणतात. हात खूप जलद हलवला तर दगड जवळजवळ जागचा हलत नाही. नैसर्गिक वारंवारतेच्या दसपट वेगाने, म्हणजे सेकंदाला दहा वेळा, हात हलवल्यास दगडाची हालचाल हाताच्या हालचालीच्या सुमारे शंभराव्या भागाइतकी उरते.

स्थैर्य

लहानसा धक्का बसल्यानंतर प्रणाली पुन्हा संतुलनाकडे येत असेल तर ती स्थिर, आणि दूर जात राहिली तर अस्थिर मानली जाते. गणिताच्या भाषेत, प्रणालीच्या वैशिष्ट्य समीकरणाच्या सर्व मुळांचा वास्तव भाग ऋण असावा लागतो. एकाही मुळाचा वास्तव भाग धन असला तर विचलन काळाबरोबर वाढत जाते.

मूळची स्थिर प्रणालीही चुकीच्या प्रत्याभरणाने अस्थिर होऊ शकते. त्याचे मुख्य कारण विलंब हे होय. हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वर धरणाला पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणातून सोडलेले पाणी मिळते. सिद्धेश्वरची पातळी पाहून येलदरीचे दरवाजे हलवायचे झाल्यास, सोडलेले पाणी खाली पोहोचण्यास लागणारा वेळ ध्यानात घ्यावा लागतो. पाणी अद्याप आले नाही म्हणून दरवाजे आणखी उघडले, तर नंतर गरजेपेक्षा अधिक पाणी येते. मग ते फार मिटले, तर पुढे तूट पडते. उशिरा मिळालेल्या माहितीवर जोराची कृती केल्याने चूक कमी न होता हेलकावे सुरू होतात.

सुधारणेचा संकेत अर्ध्या आवर्तनाइतका मागे पडला की ऋण प्रत्याभरणाचे धन प्रत्याभरण होते. त्या वारंवारतेला वलयाचे वर्धन १ किंवा त्याहून अधिक असेल तर हेलकावे टिकून राहतात वा वाढतात. मंडपात ध्वनिक्षेपकाचा कर्णा मायक्रोफोनच्या समोर आला असता निघणारी कर्कश शिटी ही अशाच अस्थिरतेची खूण आहे. म्हणून वर्धनाला मर्यादा घालावी लागते.

पीआयडी नियंत्रक

उद्योगांत सर्वाधिक वापरला जाणारा नियंत्रक तीन भागांचा असतो. पहिला भाग सध्याच्या चुकीच्या प्रमाणात, दुसरा आजवर साठलेल्या चुकीच्या प्रमाणात आणि तिसरा चूक बदलण्याच्या दराच्या प्रमाणात कृती करतो. या तीन क्रियांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास पीआयडी नियंत्रक म्हणतात.

बॉल कॉकमध्ये यांपैकी पहिलाच भाग असतो. म्हणूनच नळ सतत चालू असताना पातळी ५ सेंटिमीटर खालीच राहते : तूट नसेल तर तोटी उघडत नाही आणि तोटी उघडी नसेल तर पाणी येत नाही. दुसरा भाग जोडल्यास साठलेली चूक तोटीला अधिकाधिक उघडत जाते आणि अखेर तूट शून्यावर येते. तिसरा भाग झोक्यांना आळा घालतो. मात्र मोजमापातील बारीक गोंगाटही तो वाढवतो.

इतिहास

जेम्स वॉटने १७८८ च्या सुमारास वाफेच्या एंजिनाचा वेग सम राखण्यासाठी फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर वापरला. अशा गव्हर्नरांमुळे काही वेळा एंजिनाचा वेग हेलकावे का खातो, याचे गणिती विवेचन जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये केले. स्थैर्याची कसोटी एडवर्ड राउथ यांनी १८७७ मध्ये आणि अडॉल्फ हुर्विट्झ यांनी १८९५ मध्ये स्वतंत्रपणे मांडली. रशियन गणितज्ञ अलेक्सांद्र ल्यापुनोव यांचा स्थैर्यावरील प्रबंध १८९२ चा आहे. निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ मध्ये जहाजाच्या सुकाणूसंबंधी लिहिताना तीन भागांच्या नियंत्रणाचे विश्लेषण केले.

हॅरोल्ड ब्लॅक यांना १९२७ मध्ये ऋण प्रत्याभरणाच्या विवर्धकाची कल्पना सुचली. हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ मध्ये वारंवारतेवर आधारित स्थैर्याची कसोटी दिली आणि हेन्ड्रिक बोडे यांनी तो विषय पुढे नेला. १९६० च्या सुमारास रुडॉल्फ कालमान यांनी अवस्था-चलांची पद्धत रूढ केली. या पद्धतीत अनेक आदाने व प्रदाने असलेल्या प्रणाली आव्यूहांच्या साहाय्याने एकत्र हाताळता येतात, तसेच प्रत्यक्ष मोजता न येणाऱ्या राशींचा अंदाजही घेता येतो.

लायगो-इंडिया : एक उदाहरण

लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तत्त्वतः आणि ६ एप्रिल २०२३ रोजी सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मंजुरी दिली. ११ मे २०२३ रोजी त्याची पायाभरणी झाली. पुण्याची आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आणि अणुऊर्जा विभागाचे बांधकाम संचालनालय या प्रकल्पात सहभागी आहेत. अमेरिकेतील हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथील वेधशाळांसारखीच ही वेधशाळा असेल. पुढील वर्णन अमेरिकेतील उपकरणांच्या रचनेवर आधारलेले आहे.

या व्यतिकरणमापकात परस्परांशी काटकोनात असलेल्या ४ किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात भुजा असतात. गुरुत्वीय लहर आली की एका भुजेची लांबी किंचित वाढते व दुसरीची घटते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी प्रथम नोंदलेल्या लहरीमुळे झालेला हा सापेक्ष बदल १० च्या उणे २१ व्या घाताइतका होता. ४ किलोमीटरच्या भुजेत हा बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या काही सहस्रांशांइतका भरतो.

आरशांची टांगणी : प्रत्येक भुजेच्या टोकांचे ४० किलोग्रॅमचे आरसे एकाखाली एक अशा चार लंबकांच्या साखळीत टांगलेले असतात. दोऱ्याला बांधलेल्या दगडाचेच तत्त्व येथे चार वेळा वापरले आहे. प्रत्येक टप्प्याची नैसर्गिक वारंवारता ढोबळपणे १ हर्ट्झ धरली, तर १० हर्ट्झच्या कंपनांना प्रत्येक टप्पा सुमारे शंभरपट कमी करतो. चार टप्प्यांनी ती दहा कोटीपट कमी होतात. मात्र १ हर्ट्झच्या खालची मंद कंपने लंबक अडवू शकत नाही, आणि अनुस्पंदनाच्या वारंवारतेला तर तो ती वाढवतो. तेथे संवेदक व प्रत्याभरण यांचे साहाय्य घ्यावे लागते.

रेषीयतेसाठी नियंत्रण : समुद्राच्या लाटांमुळे जमीन सतत मायक्रोमीटरच्या आसपास हलत असते. भुजांमध्ये ठरावीक लांबीलाच प्रकाशाचे अनुस्पंदन होते आणि त्या लांबीभोवती जेमतेम एका नॅनोमीटरच्या आसपासच्या टप्प्यातच मिळणारा संकेत आरशाच्या विस्थापनाच्या प्रमाणात असतो. त्याबाहेर तो वेडावाकडा होतो आणि त्याचा अर्थ लावता येत नाही. म्हणून आरसे मोकळे सोडले तर उपकरण निरुपयोगी ठरते. सेकंदाला १६,३८४ वेळा संकेत तपासून संगणक आरशांना सूक्ष्म बल देतो. सावकाश पण मोठ्या सुधारणा साखळीच्या वरच्या टप्प्यांवर आणि जलद पण अल्प सुधारणा सर्वांत खालच्या आरशावर केल्या जातात. आरसे त्या अरुंद टप्प्यात स्थिरावले की वेधशाळा ‘लॉक’ झाली असे म्हणतात. निरीक्षणास प्रारंभ त्यानंतरच होतो.

नियंत्रणाच्या आड लपलेली लहर : नियंत्रण प्रत्येक हालचाल दाबत असेल, तर गुरुत्वीय लहरीने केलेली हालचालही दाबली जाणार नाही काय, असा प्रश्न साहजिक आहे. काही दशक हर्ट्झच्या खाली ती खरोखरच दाबली जाते. परंतु ती दाबण्यासाठी दिलेल्या बलाची नोंद नियंत्रकाकडे असते. प्रणाली रेषीय असल्यामुळे उरलेली चूक आणि दिलेली सुधारणा यांना त्यांच्या ट्रान्सफर फंक्शननुसार योग्य रूप देऊन त्यांची बेरीज केली की मूळची हालचाल परत मिळते. त्यासाठी ही फलने अचूक माहीत असावी लागतात. म्हणून दुसऱ्या एका लेसरच्या ज्ञात शक्तीच्या झोताने आरशाला ढकलून ती सतत तपासली जातात.

भूकंप : हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी सुमारे ४.५ तीव्रतेचे भूकंपाचे धक्के बसले. अशा जवळच्या धक्क्याने आरसे रेषीय टप्प्याबाहेर जाणे स्वाभाविक असते. जमीन शांत झाल्यावर त्यांना पुन्हा लॉक करावे लागते. दूरच्या मोठ्या भूकंपाच्या मंद पृष्ठलहरी येण्यापूर्वी मात्र सूचना मिळू शकते. अमेरिकेतील वेधशाळांत अशी सूचना मिळताच नियंत्रकांची मांडणी तात्पुरती बदलली जाते, जेणेकरून लॉक टिकून राहण्याची शक्यता वाढावी.

मर्यादा

नियंत्रणाला नेहमी किंमत मोजावी लागते. बोडे यांनी दाखवून दिले की, व्यवहारातील बहुतेक प्रणालींत वारंवारतेच्या एका पट्ट्यात विक्षोभ दाबला तर दुसऱ्या एखाद्या पट्ट्यात तो वाढतोच. कोणत्या पट्ट्यात चूक सहन करता येईल एवढेच अभियंत्याला ठरवता येते. शिवाय संवेदकाचा स्वतःचा गोंगाट प्रत्याभरणाद्वारे प्रणालीत शिरतो. लायगोच्या वेधशाळांत सुमारे ३० हर्ट्झच्या खाली आरशांचा कल स्थिर राखणाऱ्या नियंत्रणाचाच गोंगाट निरीक्षणात मोठा अडसर ठरतो. आरसा धरून ठेवणारा हातच येथे थोडा थरथरतो. त्यामुळे आरशाला आवश्यक तेवढेच, आणि शक्य तितक्या कमी वारंवारतेला बल द्यावे, असे धोरण ठेवले जाते.

शिक्षण

महाराष्ट्रात विद्युत, इलेक्ट्रॉनिक्स, यंत्र आणि उपकरणशास्त्र या अभियांत्रिकी शाखांत हा विषय पदवी स्तरावर शिकवला जातो. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रणाली व नियंत्रण अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण व संशोधन होते. हिंगोलीशेजारच्या नांदेड येथील श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेत उपकरणशास्त्राचा विभाग आहे. या विषयाच्या अभ्यासासाठी अवकल समीकरणे, संमिश्र संख्या आणि आव्यूह यांचे ज्ञान आवश्यक असते. त्यांपैकी आव्यूह व अवकल समीकरणे यांची तोंडओळख महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना उच्च माध्यमिक गणितातच होते.